पाखऱ्याची परीक्षा

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी कुत्रा आहे? हात वर करा पाहू! बरं, आणि किती जणांना कुत्रा हवाय, पण आई ‘अजिबात नाही’ म्हणते? अरे बापरे, इकडे तर कितीतरी जास्त हात वर झाले!

आज मी तुम्हाला आमच्या पाखऱ्याची गोष्ट सांगणार आहे. पाखऱ्या म्हणजे आमचा कुत्रा. त्याला आम्ही डॉग शोसाठी तयार केलं. म्हणजे ती त्याची परीक्षाच होती म्हणा ना. त्या परीक्षेत कोणीतरी नापास झालं. कोण, ते गोष्ट संपल्यावर तुम्हीच सांगा.

आम्ही राहतो ताथवड्याला. महामार्गावरून मुंबईकडे जाताना वाकड मागे पडलं, की उंच उंच इमारती दिसतात ना, तेच आमचं गाव. २००९ साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. त्याआधी इथे शेतं होती आणि दारोदारी गोठे होते. माझ्या सासऱ्यांना आम्ही तात्या म्हणतो. तात्यांच्या गोठ्यात गाड्याचे बैल असायचे. गाडा म्हणजे आपली बैलगाडा शर्यत! तात्यांचा सगळ्यात लाडका बैल होता पाखऱ्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून त्या पुन्हा सुरू झाल्या, पण तोवर आमच्या दावणीला एकही बैल उरला नव्हता. पाखऱ्या म्हातारा होऊन गोठ्यातच गेला. तात्या रोज सकाळी रिकामा गोठा झाडायचे. आम्ही काही बोलत नसू.

मग एकदा सोलापूरकडचे आमचे नातलग आले ते पिशवीत एक पिल्लू घेऊनच. तीन महिन्यांचं, लांब पायांचं, निमुळत्या तोंडाचं. तात्यांनी त्याला उचललं, पायांवरून हात फिरवला आणि म्हणाले, “हा पाखऱ्या.” झालं! नाव पक्कं.

आमचा पाखऱ्या कारवान जातीचा आहे. याच कुत्र्याला मुधोळ हाउंड असंही म्हणतात. मुधोळ हे गाव कर्नाटकात आहे. तिथे पूर्वी घोरपडे घराण्याचं संस्थान होतं. तिथल्या राजेसाहेबांनी, मालोजीराव घोरपड्यांनी, या कुत्र्यांची जोपासना केली आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला त्यांची जोडी भेट दिली असं सांगतात. आखूड केसांच्या कुत्र्याला करवानी आणि कानाशेपटीला झालर असते त्याला पश्मी म्हणतात. हे कुत्रे वासापेक्षा नजरेने सावज हेरतात आणि वाऱ्यासारखे पळतात. म्हणून त्यांची छाती खोल, पोट आत ओढलेलं आणि पाय लांब. आता शिकार करणं हा कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा आमचा पाखऱ्या फक्त फुलपाखरांच्या मागे पळतो. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली. त्यांत मुधोळ हाउंडही होता. तुमच्या तिकीटसंग्रहात आहे का, बघा बरं.

पाखऱ्या दहा महिन्यांचा झाला तेव्हा कोणीतरी म्हणालं, “काय देखणा आहे हो! शोला का नाही नेत?” आणि माझ्या डोक्यात किडा शिरला.

शो म्हणजे नेमकं काय, ठाऊक आहे? कुत्र्यांचा पहिला रीतसर शो १८५९ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावात भरला. शिकारीत मदत करणारेच कुत्रे त्यात होते आणि बक्षीस काय होतं? बंदुका! आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडियाचं मुख्य कार्यालय चेन्नईला आहे आणि पुण्यातही शो भरतात. शोमध्ये कुत्र्यांची शर्यत नसते, की चेंडू आणायची स्पर्धा नसते. प्रत्येक जातीचा कुत्रा कसा असावा याचं लेखी वर्णन असतं. डोकं केवढं, पाठ कशी, चाल कशी, स्वभाव कसा. परीक्षक ते वर्णन मनात ठेवून कुत्र्याला बघतात. आधी लांबून, मग जवळ येऊन. तोंड उघडून दात बघतात, खांद्यावरून, पाठीवरून हात फिरवतात. मग कुत्र्याला दुडक्या चालीने पळवायला सांगतात, कारण त्या चालीत पायांची ठेवण लगेच कळते. हे सगळं जिथे होतं, त्या दोरीने आखलेल्या मोकळ्या जागेला म्हणतात रिंग.

मी पाखऱ्याची नोंदणी केली आणि तयारीला लागले. तयारीचे तीन विषय. खाणं, व्यायाम आणि निगा. तिन्ही विषयांत मी कशा चुका केल्या, ते आता सांगते. शिक्षकांच्या चुका ऐकायला तुम्हाला आवडतं, मला माहीत आहे!

पहिला विषय, खाणं. मी दुकानातून कॅल्शियमची पूड आणली. हाडं मजबूत होतील म्हणून दोन दोन चमचे घालायला लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. मोठ्या अंगाच्या जातीच्या पिल्लाला गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम दिलं तर हाडांची वाढ उलट बिघडते. पूड बंद झाली. मग डॉक्टरांना विचारूनच त्याचं ताट ठरवलं. ज्वारीची भाकरी कुस्करून त्यात हाडं काढलेलं शिजवलेलं चिकन, उकडलेलं अंडं, भोपळा किंवा गाजर. मसाला नाही. सहा महिन्यांचा होईपर्यंत तीन-चार वेळा, नंतर दिवसातून दोनदाच. मध्ये बिस्कीट नाही, चहा नाही. पाण्याचं भांडं मात्र कायम भरलेलं.

मुलांनो, एक यादी आत्ताच वहीत लिहून घ्या. कुत्र्याला कधीच द्यायचं नाही असं काय? चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा आणि लसूण. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेट आणि द्राक्षं तर जिवावर बेतू शकतात. म्हणून तुमच्या वाढदिवसाच्या केकचा तुकडा प्रेमाने भरवू नका. शिजवलेलं कोंबडीचं हाडही नको. ते चिरफळतं आणि टोकं आतड्याला लागतात.

आपला कुत्रा बारीक आहे की जाड, हे कसं ओळखायचं? तात्यांनी मला शिकवलं. डोळे मिटायचे आणि त्याच्या बरगड्यांवर हात ठेवायचा. बरगड्या सहज हाताला लागल्या पाहिजेत. शोधाव्या लागल्या तर तो जाड. कारवान जात मुळात सडपातळ. त्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या डोळ्यांना दिसल्या तरी तो उपाशी आहे असं समजू नये. आमच्या शेजारच्या आजी मात्र रोज म्हणायच्या, “काय गं बाई, मास्तरीण असून कुत्र्याला जेवायला घालत नाहीस!”

दुसरा विषय, व्यायाम. मला वाटलं, पळणारी जात आहे, तर पळवावं भरपूर. मी त्याला स्कूटीबरोबर पळवायचं ठरवलं. तात्या गाडीच्या आडवे उभे राहिले. म्हणाले, “वासराला कोणी गाड्याला जुंपतं का?” डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मोठ्या जातीच्या कुत्र्याची हाडं पुरती भरायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर त्याने मनाने हुंदडावं, पण त्याला मैलोन्‌मैल पळवू नये. मग आम्ही पहाटे पायी निघायला लागलो. आधी वीस मिनिटं, मग हळूहळू वाढवत. डांबरापेक्षा मातीची वाट बरी, आणि थोडा चढ असला तर मागचे पाय भरतात. ताथवड्यात आता मातीची वाट शोधावी लागते, पण दोन इमारतींच्या मध्ये एखादं वावर अजून शिल्लक आहे.

आपल्याला उकडलं की सगळ्या अंगाला घाम येतो. कुत्र्याला तशी सोय नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तेव्हा त्याचं अंग गार होतं. म्हणून उन्हात कुत्रा फिरवू नये. रस्त्यावर तळहात टेकवून सात आकडे मोजा. तुमचा हात भाजला, तर त्याचे पायही भाजणार. आणि भरल्या पोटी पळवणं तर नकोच. अशा खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला कधीकधी पीळ पडतो. त्यात तासा-दोन तासांत जीव जाऊ शकतो.

तिसरा विषय, निगा. मी दर रविवारी पाखऱ्याला माझ्या वासाच्या शाम्पूने अंघोळ घालायची. त्याला खाज सुटली, अंगावर कोंडा आला. माणसाची कातडी थोडी आम्लधर्मी असते, कुत्र्याची तशी नसते. म्हणून माणसाचा शाम्पू त्याला चालत नाही. शिवाय सारखी अंघोळ घातली की कातडीतलं तेल धुऊन जातं आणि चमक येते ती त्या तेलानेच. तात्यांनी गोठ्याच्या कोनाड्यातून बैलांचा जुना खरारा काढला. बघितला आणि म्हणाले, “हा त्याला टोचेल.” मग रबरी दाण्यांचा हातमोजा आणला. रोज दहा मिनिटं, केसांच्या दिशेने. मेलेले केस निघतात, तेल सगळीकडे पसरतं, आणि गोचीड असला तर बोटांना लागतो. शेवटी ओल्या फडक्याने पुसायचं. फरशीवर नखांचा टकटक आवाज आला, की नखं वाढली समजावं. नखाच्या आत रक्तवाहिनी असते, म्हणून टोकच कापायचं, तेही मोठ्या माणसाने.

असे चार महिने गेले. पाखऱ्याच्या अंगावर तुकतुकी आली. शो आठ दिवसांवर आला आणि मी सगळ्यात मोठी चूक केली. मला वाटलं, अजून थोडी चमक हवी. त्याच्या ताटात तूप घातलं, दोन अंडी वाढवली, वर काळीज. तिसऱ्या दिवशी त्याला जुलाब लागले. डॉक्टर म्हणाले, “खाणं बदलायचं तर आठ-दहा दिवसांत, थोडं थोडं करून बदलतात. एका दिवसात नाही.” चार दिवसांत तो बरा झाला, पण उतरला. तात्या एवढंच म्हणाले, “शर्यतीच्या तोंडावर खुराक वाढवायचा नसतो, सूनबाई. जे घालायचं ते वर्षभर घालायचं. या खेपेला राहू दे.”

पण मी फी भरली होती. शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आम्ही गेलो.

तिथे केवढी गर्दी! केवढं भुंकणं! एक हस्की कुत्रा पंख्यापुढे लोळून धापा टाकत होता. बर्फातल्या देशाचा जीव तो, आपल्या उन्हात बिचारा काय करणार? पाखऱ्या माझ्या पायांना चिकटून उभा होता. शेपटी पोटाखाली. आमचा नंबर आला. परीक्षक शांतपणे पुढे आले आणि दात बघायला त्यांनी हात पुढे केला. पाखऱ्या मागे सरला. त्यांनी थोडं थांबून पुन्हा हात पुढे केला. पाखऱ्या गुरगुरला. तिसऱ्यांदा त्यांनी हात पुढे केलाच नाही. मान हलवून आम्हाला रिंगणाबाहेर जायला सांगितलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तसा नियमच आहे.

आणि मग मी काय केलं, ठाऊक आहे? सगळ्यांच्या देखत पट्ट्याला जोरात हिसका दिला. पाखऱ्या कळवळला. मी त्याला ओढत ओढत गाडीपाशी आणलं.

माझी लेक तेव्हा दुसरीत होती. ती पाखऱ्याच्या गळ्यात हात टाकून बसली आणि म्हणाली, “आई, त्याला कुठे माहीत होतं आज परीक्षा आहे ते?”

मुलांनो, त्या रात्री पाखऱ्या जेवला नाही. मी जवळ गेले की तोंड फिरवायचा. मीही जेवले नाही.

आईबाबांनो, हे आता तुमच्यासाठी. दर वर्षी स्नेहसंमेलनाच्या दिवशी पडद्यामागे मी एक दृश्य बघते. स्टेजवर मूल गोंधळतं, चार ओळी विसरतं, आणि खाली उतरल्यावर कोणीतरी त्याला दंडाला धरून ओढत नेतं. मी पुढे होऊन त्या पालकांना समजावते. तीच मी! माझ्या हातातला हिसका मला आठवडाभर जाणवत होता. डी.एड.ला आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून कठीणाकडे’. वर्गात मी ते रोज पाळते. पाखऱ्याच्या बाबतीत मात्र केसांची चमक बघितली, नखं बघितली आणि त्याला परक्या माणसाचा हात कधी शिकवलाच नाही. ही जात मुळात परक्यापासून चार हात लांब राहणारी. घरच्या पाच माणसांपलीकडे कोणी त्याला हात लावला नव्हता. मग एकदम गर्दीत, अनोळखी माणूस, तोही तोंडात बोटं घालतोय! मी असते तर चावलेच असते.

आम्ही पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. आधी मी रोज त्याचे ओठ वर करून दात बघायचे आणि लगेच चिकनचा बारीक तुकडा द्यायचे. मग तात्या. मग लेक, मी शेजारी बसलेली असताना. मग दर रविवारी ओळखीची मुलं गोठ्यात येऊ लागली, एका वेळी एकच. त्यांना नियम होते. तेही वहीत लिहून घ्या. कुत्र्याला हात लावण्याआधी त्याच्या मालकाला विचारायचं. अंगावर धावत जायचं नाही. डोळ्यांत रोखून बघायचं नाही. बाजूने उभं राहायचं, हात खाली ठेवायचा, त्याला वास घेऊ द्यायचा. तो आला तर खांद्यावर हात फिरवायचा, नाही आला तर परत जायचं. जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याला कधीच हात लावायचा नाही. पाखऱ्याला तिसऱ्या महिन्यापासून रेबीजची लस टोचून घेतो, दर वर्षी न चुकता. तरी सांगते, कोणताही कुत्रा चावला किंवा त्याचं नख लागलं, तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. आई रागावेल म्हणून लपवायचं नाही. रेबीज झाल्यावर त्याला औषध नाही.

या तयारीला आठ महिने लागले. काही रविवारी पाखऱ्या पुढे यायचाच नाही. मुलं हिरमुसून परत जायची. तात्या त्यांना सांगायचे, “आज त्याची सुट्टी.” गोठ्यात मात्र पुन्हा जाग आली होती. मुलांना बसायला तात्यांनी पोती अंथरली होती आणि पाखऱ्या बैलाचे किस्से तर काय विचारता!

मग आम्ही दुसऱ्या शोला गेलो. आदल्या आठवड्यात ताटात काहीही वाढवलं नाही. तीच भाकरी, तेच अंडं. सकाळी लवकर पोचलो. गर्दीच्या कडेला अर्धा तास नुसते बसून राहिलो. पाखऱ्याने सगळं बघून घेतलं. जांभईसुद्धा दिली! रिंगमध्ये परीक्षक बाई होत्या. त्यांनी हात पुढे केला. मी श्वास रोखला. पाखऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “दात.” आणि तो उभा राहिला. ओठ वर, दात बाहेर, शेपटी सैल. मग आम्ही दोघं दुडक्या चालीने गेलो आणि आलो.

कारवान चारच होते. आमचा नंबर तिसरा आला. पहिला आलेला कुत्रा खरोखरच फार देखणा होता.

बाहेर आलो तर तात्या पाण्याचं भांडं घेऊन उभे होते. नंबर कितवा, हे त्यांनी विचारलंच नाही. पाखऱ्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला, पायांचे तळवे उलटून बघितले आणि म्हणाले, “ठीक आहे. चला घरी.” पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी करताना ते बैलांशी जसं पुटपुटायचे, तसंच काहीतरी पाखऱ्याशी पुटपुटत ते गाडीपर्यंत गेले.

शोची ती फीत आता कपाटात आहे. पाखऱ्याला तिचं काही नाही. कप, फीत, नंबर हे कुत्र्याला कळत नाही. त्याला कळतं ते रोजचं ताट, पहाटेची वाट, अंगावरून फिरणारा हात. आणि तो हात कधी हिसका देतो, तेही कळतं. मला तेवढ्यासाठी एकदा नापास व्हावं लागलं. बघा, शेवटी मीच उत्तर सांगून टाकलं!

आता तुमचा गृहपाठ. घरी कुत्रा असेल, तर आज डोळे मिटून त्याच्या बरगड्यांवर हात ठेवा आणि त्याच्या पाण्याचं भांडं स्वतः घासा. कुत्रा नसेल, तर आईबाबांकडे हट्ट धरण्याआधी एक महिना रोज पहाटे उठून वीस मिनिटं चालून दाखवा. पाऊस असला तरी! महिना पुरा झाला की मला पत्राने जरूर कळवा. मी तात्यांना वाचून दाखवीन. पाखऱ्या शेजारी असेलच.